दोन मोडक्या पेट्यांची एक

जामच्या फाट्यावर वर्ध्याची मोटार यायची होती आणि सुलोचनाच्या मांडीवर भूगोलाचं पुस्तक नुसतंच उघडं होतं. कान मात्र कधीचे पलीकडच्या ट्रकपाशी जाऊन बसले होते. तिथे बाबाराव मिस्त्री, नत्थू ड्रायव्हर आणि ट्रकमध्ये ठाण मांडून बसलेली त्याची बायको रुखमा, अशी तिघं होती.

"झालं, नत्थू. स्टेअरिंगच्या दोन मोडक्या पेट्यांची एक केली. स्टेअरिंग आता लोण्यावानी फिरते."

"मंग निघतो. जिनिंगात कापूस पोचवाचा हाय."

"थांबा. भाऊजी, आतले दाते कोन्या गाडीचे?"

"मिल्ट्रीच्या भंगारातले, वहिनी. लढाई पाह्यलेले."

"लढाईतून गाडी वापस आली, का नुसती पेटीच?"

"रुखमे, उतर खाली. उशीर होऊन राह्यला."

"मागच्या हप्त्यात स्टेअरिंग अडकलं अन् तुम्ही नाल्यात गेलते. मी नाई उतरत. भाऊजी, पेटी बसवनारा पहिल्या फेरीले ड्रायव्हरच्या बाजूले बसते. हा रिवाज तुमचाच नं?"

"हाय तर. पन आज दुकानात कोनी नाई."

"दुकान मी पाह्यते, भाऊजी. तुम्ही बसा."

मिस्त्रीने ट्रकच्या दाराला हात लावला आणि तो तसाच उभा राहिला.

"काऊन थांबले, भाऊजी?"

"नत्थू, पाना आन. पेटी खोलतो."

"आताच तं झालं म्हनलं तुम्ही."

"तुह्यासाठी झालं होतं. माह्यासाठी व्हाचं हाय."

तेव्हा कुठे रुखमा खाली उतरली, आणि पाना तिनेच शोधून दिला.