आठ मेगपर्यंत

कार्डिफमध्ये ऑप्टिशियनकडे नंबराची वाट बघत बसलो होतो. मागच्या खुर्च्यांवर दोघी मराठीत बोलू लागल्या.

“अय्या, सुप्रभाताई! तुम्ही खेड्यातून एवढ्या लांब, डोळे तपासायला?”

“आईमुळे गं. म्हणजे खरं तर ब्रॉडबँडमुळे. तू किती भरतेस महिन्याला?”

“पंधरा पौंड.”

“आम्ही पंचवीस.”

“आमच्या रस्त्यावर तीन कंपन्या आहेत ना, सारखं कोणीतरी भाव उतरवतं.”

“आमच्याकडे एकच. आणि शेजारी सगळ्या मेंढ्या, कोणासाठी उतरवणार?”

“स्पीड तरी बरा आहे का?”

“पत्रात लिहिलंय, आठ मेगपर्यंत. येतं अर्धा मेग. फोन केला तर मुलगी म्हणते, ‘पर्यंत’ म्हटलंय ना, मॅडम.”

“मग तुम्हीपण पंचवीस पौंडांपर्यंत भरा!”

“म्हटलं मी तिला. डायरेक्ट डेबिटला ‘पर्यंत’ चालत नाही म्हणाली.”

“बरं, पण डोळ्यांना झालंय काय?”

“काही नाही. रविवारी पुण्याला आईशी व्हिडिओवर बोलते. मध्येच चित्र गोठतं, आणि दर वेळी नेमक्या माझ्या पापण्या अर्ध्या मिटलेल्या. आई रडकुंडीला येते. म्हणते, तुझ्या बाबांचंही असंच सुरू झालं होतं, आधी डोळे दाखवून ये.”

“अहो, मग सांगा ना त्यांना, डोळे ठणठणीत आहेत, लाइन खराब आहे म्हणून.”

“सांगते गं. तेवढ्यात आवाज जातो.”