तीन दिवस थांबलेला अर्ज

आदरणीय अध्यक्ष आगारप्रमुख साहेब, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले चालक श्री. यादोराव मेश्राम, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सौ. शकुनबाई, आणि ड्युटी बदलून घेऊन इथे आलेले माझे चालक, वाहक व कार्यशाळेतले बंधू,

मी कागदांत वावरणारी बाई. तेरा वर्षं या आगारात लिपिक म्हणून अर्ज घेते, शिक्का मारते, पुढे पाठवते. एकच अर्ज मी पुढे पाठवला नाही. त्याची कबुली आज साहेबांसमोरच देते.

यादोरावांचा नियम आपल्याला ठाऊक आहे. नवी गाडी आली, की पहिल्या दिवशी तिच्याविषयी शेरा लिहायचा नाही. ब्रेक कडक वाटो, स्टेअरिंग जड वाटो, तीन दिवस चालवायची आणि मग लिहायचं. "पह्यल्या दिवशी गाडी आपल्याले वळखत नाही, आपण तिले नाही. मंग कायले बोलाचं?"

मी १९७४ साली आले, तेव्हा आगारात एकटीच बाई होते. पहिल्याच सकाळी मी मोहाडीच्या गाडीचा चालक साकोलीच्या तक्त्यात लिहिला. दोन गाड्या तासभर उभ्या राहिल्या. "बाईमाणसाचं काम नोहे हे," असं कोणीतरी मला ऐकू येईल अशा बेताने बोललं. कोण ते सांगत नाही. ते आज पहिल्या रांगेत आहेत. तेव्हा यादोराव एवढंच म्हणाले, "तीन दिवस थांबा ना जी." तीन दिवसांनी तो विषय कोणी काढला नाही.

मागच्या दिवाळीनंतर बसस्थानकासमोरच्या ईश्वरने आपल्या कॅसेटच्या दुकानात मोटारशर्यतीचा व्हिडिओ गेम आणला. पडद्यावर रस्ता, समोर हातात धरायला स्टेअरिंग. आपला सगळ्यात तरुण चालक श्रावण यादोरावांना ओढतच घेऊन गेला. "बसा काकाजी! एकतीस वर्षांत एक अपघात नाही म्हणता ना?"

काकाजी बसले. आधी त्यांनी आरसा शोधला. डावा पाय क्लच चाचपत राहिला. वळण आलं, आणि बसला देतात तसं दोन्ही हातांनी ओढून त्यांनी पूर्ण स्टेअरिंग फिरवलं. ते तर बोटाच्या धक्क्याने वळणारं! गाडी गिरकी घेऊन कठड्यावर आदळली. पुन्हा तेच. अर्ध्या मिनिटात खेळ खलास. श्रावण ओरडला, "प्यासिंजर उतरवा रे!"

ते हसू दुकानातून आगारात आलं. तुम्ही हसलात, मीही हसले. दुसऱ्या सकाळी यादोराव माझ्या टेबलासमोर उभे होते. हातात अर्ज: 'हातात पूर्वीचा अंदाज राहिला नाही, सबब मला हलके काम द्यावे.' निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं.

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"पन्नास जणायचा जीव मांगं बसला राह्यते, बाई. हात फसले त मले कोण सांगन?"

माझं हसणं मला तेव्हा टोचलं. मी अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हटलं, "तीन दिवस थांबा ना जी."

ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग गाडी घेऊन गेले.

त्या दिवसापासून ड्युटी संपली की ते ईश्वरच्या दुकानात जाऊन उभे राहत. दोन दिवस खेळले नाहीत, नुसते दुसऱ्यांचे हात पाहत होते. नवा माणूस बसे, पहिल्या वळणाला आदळे, लाजून उठे आणि परत काही येत नसे. तिसऱ्या दिवशी मीही गेले. यादोराव बसले. चहाची बशी धरावी तसं त्यांनी ते चाक बोटांत धरलं. श्रावण वळणं मोजत होता. मोजता मोजता पडद्याजवळ सरकला. गाडी कुठेही न घासता शेवटपर्यंत गेली.

उठून त्यांनी विचारलं, "ईश्वर, हे इतकं हलकं कोनं ठेवलं?"

"कंपनीतून आलं तसंच हाय काकाजी. मी हात नाही लावला."

"मंग लाव ना! नवा माणूस पह्यल्यांदाच असा पडला त परत येईन का?"

ईश्वरने यंत्राचं मागचं दार उघडलं, सोबत आलेली पुस्तिका चाळली. स्टेअरिंग किती चपळ ठेवायचं याची एक बारीक कळ आत होती. ती त्याने एक घर खाली आणली. आठवडाभरात दुकानात रांग लागू लागली.

"सोता पास झाल्यावर पेपर सोपा केला काकाजीनं!" इति श्रावण.

मला अभिमान आहे तो नेमका याचाच. स्वतःला जमल्यावर मागून येणाऱ्याची आठवण किती जणांना राहते? तेरा वर्षांपूर्वी माझ्यासाठीही त्यांनी अशीच एक कळ खाली आणली होती, हे मला त्या दुकानात उभ्या उभ्या कळलं.

यादोरावजी, हा तुमचा अर्ज. यावर आवक क्रमांक नाही, शिक्का नाही. काल संध्याकाळी आंबागडच्या शेवटच्या फेरीची गाडी तुम्ही वेळेवर आणून फलाटाला लावलीत, एकही ओरखडा नसलेली. आता हा कागद तुमच्या हातांनी फाडा. त्या हातांविषयीच तो लिहिला होता.

मला बोलायला उभं केलंत, शांतपणे ऐकलंत, आपले आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर मनात धरण्याआधी, साहेब, आपणही तीन दिवस थांबा. नमस्कार.