लाँचच्या रंगाची ओळ

शकू : म्हणजे या कॉम्प्युटरवरची पांढरी ओळ वाईट नाय?

भाविका : नाही गो काकी. वायरलेसवर त्या लाँचचा आवाज अजून आला नाही, एवढंच. आवाज आला की मी इथे नोंद करते, मग ओळ लाँचच्या रंगात दिसते.

शकू : आमची पिवळी.

भाविका : तुमची पिवळी, गोदा मावशीच्या मुलाची, लवूची हिरवी.

शकू : मागच्या वादळवाऱ्याला आली ती प्रत्येक ओळ हिरवी केली होतीस, मेले!

भाविका : आठवण नको काढू. परत येते ती हिरवी, अडकलेली लाल, असं मला कॉलेजात शिकवलेलं.

शकू : नि आमच्या शिवाची ओळ हिरवी झाली, तर गोदा आपला लवू आला म्हणून देवळात नारळ फोडून आली. इथं हिरवी लाँच एकच, लवूची. तो तर रात्रभर बाहेरच होता.

भाविका : तिचं तोंड बघवेना मला. दुसऱ्या दिवशी बंदरावर फिरून एकेका लाँचचा रंग बघून आले.

शकू : ओळीचा रंग बदलणं एवढं सोपं असतं?

भाविका : ओळीच्या आधी रंगाचा कोड घालायचा, शेवटी तो बंद करायचा. बंद करायला विसरलं, तर खालचं सगळं त्याच रंगात जातं.

शकू : हुशार गो माझी बाय! आम्हाला अक्षर येत नाय. इतकी वर्षं मच्छीमार सोसायटीच्या कारकुनाच्या तोंडाकडे बघत बसायचो. तो वाचेपर्यंत जीव नुसता टांगणीला.

भाविका : थांब, आवाज येतोय... हां, बोला शिवाकाका! सगळे ठीक? या, या. काकी, बघ.

शकू : पिवळी! आई गो, आमची पिवळी!

भाविका : आता घरी जा. दमलीस.

शकू : कशी जाऊ? गोदा बाहेर पायरीवर बसलीय. मांडीवर नारळ हाय, पण या खेपेला उठली नाय.

भाविका : आत बोलव ना तिला.

शकू : बोलावलं. म्हणते, पांढरी बघवत नाय.

(वायरलेस पुन्हा खरखरतो. भाविका कान देऊन ऐकते, नोंद करते.)

भाविका : काकी...

शकू : दिसली मला. गोदे! ए गोदे, आत ये!

गोदा : काय झालं? सांग ना!

शकू : मी नाय सांगणार. ये, तुझी तू बघ.