ग्रामसभेतला नमस्कार

संतापलेल्या गावकऱ्यांपुढं सरपंचांनी शांत कसं राहायचं, हे शिकवायला नीलांबरी एसटीनं राहात्याला निघाली होती. मागच्या बाकावर दोन म्हातारे शेतकरी बोलत होते.

“नळाला गढूळ पानी का येतं, हे सरपंचबाईला इचारायलाच उठलो हुतो, आप्पासाहेब. लई तापलो हुतो.”

“मग?”

“बाई खुर्चीवरनं उठली, डोक्यावर पदर घेतला अन् सगळ्यांदेखत माझ्या पाया पडली.”

“गावची सून हाय. पडनारच की.”

“दिवाळीला माझ्या दारावरनं गेली, तवा मानबी न्हाई वळवली!”

“मग तुमी काय केलं?”

“काय करनार? तोंडातनं आशीर्वादच निघाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बसलो खाली.”

“अन् पान्याचं?”

“बनुबाई उठली इचारायला. तिच्याबी पाया पडली.”

“आस्सं!”

“हे तिचं डोकं न्हाई, आप्पासाहेब. कुनीतरी शिकवून ठेवलंय.”

“कोन शिकवनार असलं?”

नीलांबरीनं मांडीवरची पिशवी हळूच फिरवली. ‘सरपंच प्रशिक्षण’ ही अक्षरं पोटाकडं गेली.

“ताई, कुठं निघालात?” आप्पासाहेबांनी मागून विचारलं.

“माहेरी,” ती हसून, अगदी शांतपणे म्हणाली.