सलूनमध्ये शिरलेल्या मोटारसायकलीच्या ब्रेकबाबत

जबाब देणार: गॅरेजवाल्या ताई. वय ४९ वर्षे. धंदा मोटारसायकल दुरुस्ती. राहणार उताराची गल्ली, गॅरेजच्या वरचा मजला.

बोलावणं आल्यावरून मी आज शुक्रवारी सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात आले असून, विचारल्यावरून माझ्या माहितीप्रमाणे खरं ते सांगते.

वरील ठिकाणी मी वडिलांसह राहते. वडील घड्याळजी होते. सहा वर्षांपूर्वी त्यांनी दुकान बंद केलं. तेव्हापासून ते दिवसभर माझ्या गॅरेजमध्ये मागच्या भिंतीजवळ खुर्ची टाकून बसतात. त्यांना माणसांचं बोलणं कमी ऐकू येतं. यंत्राची कुरकुर मात्र दोन खोल्यांपलीकडून ऐकू येते.

सदर लाल रंगाची स्पोर्ट्स मोटारसायकल आमच्या गल्लीच्या वरच्या टोकाला राहणाऱ्या दाताच्या डॉक्टरांची आहे. तीन आठवड्यांपूर्वी ते गाडी घेऊन आले. ब्रेक मऊ लागतो, लिव्हर थेट मुठीला टेकते, अशी त्यांची तक्रार होती. सिग्नलला ब्रेक धरून उभं राहिलं की लिव्हर हळूहळू आत जाते, असंही ते म्हणाले. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. डॉक्टर घाबरट आहेत अशी माझी समजूत होती.

मी हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. आतलं ब्रेक ऑइल चहासारखं तपकिरी झालं होतं. ते चार वर्षांत बदललं नव्हतं. बाजूनं ट्रक चालला होता म्हणून मी डॉक्टरांना ओरडून सांगितलं, "ब्रेकचं ऑइल संपलंय, ऑइल लागणार!" हे वाक्य वडिलांनाही ऐकू गेलं. त्याचा पुढे संबंध आहे म्हणून सांगते.

मी जुनं ऑइल काढून नवं भरलं, नळीतली हवा काढली. लिव्हर घट्ट झाली. गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता दिली. साडेदहा वाजता डॉक्टर परत आले. त्यांनी उजवा पाय वर करून बुटाचा तळ दाखवला. गाडी त्यांनी बुटानं थांबवली होती.

लिव्हर दगडासारखी घट्ट आणि गाडी मात्र थांबत नाही, याचा अर्थ जोर चाकापर्यंत पोचतो पण पॅड डिस्कला धरत नाहीत. मी पॅड काढून पाहिले. ते तेलानं माखले होते. चेनला मारायचं तेल उडवलं असणार म्हणून मी डॉक्टरांना चांगलंच फैलावर घेतलं. त्यांनी शपथेवर सांगितलं की त्यांनी आयुष्यात चेनला तेल घातलेलं नाही. चेन पाहिल्यावर मला ते पटलं. पुढच्या शॉकअपचं तेल गळतंय का तेही पाहिलं. ते कोरडे होते. मग मी डिस्क धुतल्या, पॅड नवे टाकले आणि गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डावा बूट दाखवला.

माझा धंदा सव्वीस वर्षांचा आहे. या गल्लीत कुणाची गाडी थांबत नसेल तर लोक ती माझ्याकडे आणतात. त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. याहून जास्त त्याबद्दल सांगायचं नाही.

मागवलेली रबरं यायला वेळ लागला. या मंगळवारी मी चाकांजवळचे ब्रेकचे सगळे भाग सुटे करून साफ केले, तिथली रबरं बदलली, पुन्हा नवे पॅड टाकले. काम दुपारी साडेतीन वाजता संपलं. मी वर जाऊन चहा घेतला. वीस मिनिटांनी खाली आले आणि या वेळी स्वतः चालवून पाहायची ठरवली. निघण्यापूर्वी लिव्हर दाबून पाहिली, ती घट्ट होती. गाडी ढकलत ब्रेक लावून पाहायला हवा होता, तो पाहिला नाही. ही चूक माझी आहे.

गल्लीच्या उतारावर मी पुढचा ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. मागचा दाबला. तोही लागला नाही. मी इंजिन बंद केलं. वेग माणूस पळतो तेवढा होता. उताराच्या शेवटी सलून आहे. उकाड्यामुळे त्याचं दार सताड उघडं होतं. मी "बाजूला व्हा" असं ओरडत आत गेले.

आत सलूनवाले एका गिऱ्हाइकाची मिशी कोरत होते. गाडीचं पुढचं चाक खुर्चीच्या पायरीला लागलं आणि खुर्ची गिऱ्हाइकासह गरकन एक पूर्ण फेरी फिरली. गाडी पुढे जाऊन भिंतीजवळच्या गादीत रुतली. कुणाला दुखापत झाली नाही. खुर्ची थांबली तेव्हा गिऱ्हाइकाची डावी मिशी जागेवर नव्हती. सदर गिऱ्हाईक याच ठाण्यातले हवालदार असून ते त्या दिवशी सुट्टीवर होते. मिशी बावीस वर्षं जुनी होती असं त्यांचं म्हणणं आहे. मला त्याची कल्पना नाही. ते आत्ता समोरच्या टेबलाशी तोंडाला रुमाल लावून बसले आहेत.

सलूनवाले म्हणाले, "ताई, मी वस्तरा धरला होता तिथंच धरला होता. साहेबच फिरले." ते खरं आहे.

तेवढ्यात माझे वडील गल्लीतून धावत आले. त्यांनी मला लागलं का ते पाहिलं, मग वाकून गाडीचं पुढचं चाक हातानं फिरवलं आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, "एवढी आत आली, पण कुरकुर केली का? जरासुद्धा नाही."

मी विचारलं, "बाबा, तुम्ही याला काय केलंत?"

"ऑइल घातलं. तूच ओरडत होतीस ना, ब्रेकला ऑइल लागणार म्हणून. मी पहाटे उठतो, तेवढंच हाताला काम. आज तू चहाला गेलीस तेव्हा घातलं. तिन्ही वेळा अगदी मन लावून घातलंय."

"किती?"

"मनगटी घड्याळाला सुईच्या टोकावर मावेल तेवढं पुरतं. हे चाक केवढं! त्या हिशेबानं अर्धी बाटली. मागच्यालाही घातलं, उगाच दुजाभाव नको."

मी रागाच्या भरात त्यांना जोरात बोलले. काय बोलले ते सलूनमधल्या सगळ्यांना माहीत आहे, लिहून घेण्याची गरज नाही. ते ऐकून घेऊन बाबा म्हणाले, "सहा वर्षं तुझ्या मागे बसलोय. पाना द्या, असंसुद्धा कधी म्हणाली नाहीस." मी गादीत रुतलेली गाडी बाहेर ओढायला घेतली. हवालदारसाहेबांनी मिशीबद्दलचं बोलणं सोडून मागून हात लावला.

बुधवारी सकाळी मी गाडी पुन्हा उघडली. तेल प्यायलेले पॅड कितीही धुतले तरी धरत नाहीत म्हणून ते फेकून दिले. डिस्क स्पिरिटनं पुसल्या, कापड कोरडं निघेपर्यंत पुसल्या. ब्रेकची हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्यानं खालचा स्क्रू सैल करून हवा सोडायची आणि पुन्हा आवळायचा. एरवी लिव्हर मी दोरीनं बांधते. बुधवारी मी वडिलांना बोलावलं.

"दाबा. धरा." मी स्क्रू सोडला, आवळला. "सोडा." असं चाळीस वेळा केलं. मी स्क्रू आवळेपर्यंत त्यांनी एकदाही लिव्हर सोडली नाही. एक्केचाळिसाव्या वेळी ते म्हणाले, "ही बुडतेय."

"काय बुडतंय?"

"लिव्हर. मी जोर वाढवला नाही, तरी ही आत चाललीये. एका मिनिटात तांदळाच्या दाण्याएवढी."

मग मला डॉक्टरांचं सिग्नलबद्दलचं बोलणं आठवलं. लिव्हरजवळ ऑइल ढकलणारा छोटा पंप असतो, त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. मी तो खोलला. आतली रबरी वाटी मला चांगली दिसली. वडिलांनी खिशातून डोळ्याला लावायचं भिंग काढलं, ती वाटी उजेडाकडे धरून बराच वेळ फिरवली आणि नखानं एक जागा दाखवली. केसाएवढी चीर होती. त्यातून ऑइल मागे सरकत होतं. मूळ बिघाड तो होता आणि तीन आठवडे तो मला सापडला नव्हता. मी नवी वाटी आणली. ती वडिलांनी बसवली. मी भिंग धरून पाहत होते.

गुरुवारी डॉक्टरांनी गाडी नेली. सवयीप्रमाणे चारही बोटांनी ब्रेक दाबल्यामुळे गाडी जागच्या जागी थांबली आणि ते टाकीवर आदळले. आता ब्रेक फार लागतो अशी त्यांची तक्रार आहे. दोन बोटं वापरा, असं त्यांना सांगितलं आहे. सलूनची खुर्चीही आम्ही दुरुस्त करून दिली असून सलूनवाल्यांचं काही म्हणणं नाही.

हवालदारसाहेबांच्या नुकसानीबद्दल मला वाईट वाटतं. उरलेली मिशी त्यांनी त्याच दिवशी काढली. काल संध्याकाळी त्यांच्या पत्नी गॅरेजवर येऊन माझे आभार मानून गेल्या. आणखी काय म्हणाल्या ते इथे लिहू नये, अशी त्यांची विनंती आहे.

तेल वडिलांनी घातलं, परंतु गाडी माझ्या ताब्यात होती आणि न तपासता मी ती रस्त्यावर काढली. त्यामुळे जे विचारायचं ते मला विचारावं. वडील बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांचाही जबाब घ्या असा त्यांचा आग्रह आहे. तो घेऊ नये अशी माझी विनंती आहे, कारण ते घड्याळाच्या शोधापासून सुरुवात करतील.

हा जबाब मला वाचून दाखवला. वडिलांसाठी तो दुसऱ्यांदा ओरडून वाचावा लागला, त्यामुळे सगळ्या ठाण्यानं ऐकला. जबाब लिहून घेणाऱ्या बाईंनी वडिलांचं वय विचारलं, तेव्हा मी हळू आवाजात एक्क्याऐंशी सांगितलं. ते मात्र त्यांना बाहेर ऐकू गेलं. "एकोणऐंशी," ते म्हणाले. तेवढी दुरुस्ती करून घेतली आहे. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून खाली सही करते.