तीन दिवस हरवलेला आरसा

हाडांच्या दवाखान्यात शिंपीणबाई आपल्या नंबरची वाट बघत होत्या. शेजारी एक निवृत्त फिटर बायकोसोबत बसले होते. बायको त्यांना बजावत होती.

"डॉक्टरांना खरं सांगा. घरी दुर्बिणीचा आरसा बनवायला काच घासून घासून खांदा गेला म्हणावं."

"सांगतो. पण आरसा जमला ना?"

"महिनाभर कुठे जमत होता?"

"अगं, घासून काच गरम व्हायची आणि मधे जराशी फुगायची. मी लगेच तपासायचो, फुगवटा दिसला की पुन्हा घासायचो. सकाळी काच गार झाली की तिथेच खड्डा! खड्डा काढायला पुन्हा पहिल्यापासून."

"मग जमला कसा?"

"त्या दिवशीही फुगवटा दिसला होता. जेवून घासणार, तर आरसाच गायब! तीन दिवसांनी सापडला, तर गार काचेत ना फुगवटा, ना खड्डा. कधीच तयार झाला होता बेटा!"

"गायब नव्हता. चादरींच्या घडीत मी ठेवला होता. खांद्याला तेवढाच आराम."

शिंपीणबाईंचा नंबर पुकारला. त्या ऐकण्यात इतक्या रंगल्या होत्या, की उठल्याच नाहीत.

"तू? आणि माझ्याबरोबर पलंगाखाली शोधत होतीस ती?"

"रागावलात?"

"छे! आता दुसरा घासतोय, तोही वेळेवर लपव म्हणजे झालं."

"सकाळीच लपवलाय."