बिनरंगी फिल्म

केजमधल्या इसाकच्या दुकानात सलिमा गाडीच्या सीटकव्हरसाठी नंबर लावून बसली होती. सकाळी आपली गाडी ठेवून गेलेले बद्रीनाथकाका तेवढ्यात परत आले आणि दोघांचं बोलणं तिच्या कानावर पडू लागलं.

“झाली का रं, इसाक?”

“झाली, काका. काचांना फिल्म लावली हाय का न्हाई तेबी कळंना, बगा. आता ऊन कितीबी पडू द्या, आतला रंग उडायचा न्हाई.”

“त्याच्यासाठीच तर लावली. सालभरात लई फिकं पडलंय.”

“सीट का? सीट तर नव्यावानी हायेत.”

“सीटचं काहून काढतो? कुंकू म्हणतोय मी. गाडीच्या पूजेला तुज्या काकूनं मागच्या काचेवर पाच बोटं उमटवली होती. बाहेरून पावसानं जातील म्हणून आतून.”

“मागच्या काचेवर?”

“हां. कुटं गेलं रं ते?”

“काका, फिल्म लावायच्या आधी काच घासावीच लागती. साबणाचं पाणी मारून, पात्यानं. एक कण जरी ऱ्हायला तरी फुगा येतो.”

“घासलं?”

“चुकलं माजं. काकूला घिऊन या उद्या. मी ती फिल्म काढतो, त्यांना परत बोटं उमटवू द्या.”

“दसऱ्याला वर्षश्राद्ध हाय तिचं.”

सलिमानं चहाचा कप बाकावर ठेवला.

“कशानं पुसली काच?” काकांनी विचारलं.

“ह्या फडक्यानं.”

“धुतलं का ते?”

“न्हाई अजून.”

“मग धू नको. इकडं दे.”